कनौज : डेगेतून भपक्यात

कानपूरहून फर्रुखाबादच्या गाडीत बसले की साधारण ऐंशी किलोमीटरवर कनौज येते. सातव्या शतकात ही हर्षवर्धनाची राजधानी होती. त्या वैभवातले आज फारसे काही दिसत नाही. दिसतात ती बटाट्याची शेते आणि शीतगृहे. गावाचे नाव राखले आहे ते अत्तराने.

इथला जुन्या धाटणीचा कारखाना म्हणजे एक शेड, विटा-मातीच्या भट्ट्यांची रांग आणि त्यांवर चढवलेल्या तांब्याच्या डेगा. पहाटे खुडलेली फुले डेगेतल्या पाण्यात टाकतात, झाकण बसवतात आणि फट मातीने लिंपून टाकतात. झाकणातून निघालेली, सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी, म्हणजे चोंगा, खाली हौदात बुडवलेल्या भपक्यात उतरते. भपका हे लांब मानेचे, गोल पोटाचे तांब्याचे भांडे. जळण लाकडाचे आणि गोवऱ्यांचे. तापमापक कुठेच नाही. भपक्याला हात लावून कारागीर ताडतो, आत किती उतरले, आच कधी ओढायची, हौदातले पाणी कधी बदलायचे.

हे सारे अडाणी वाटेल, पण त्यामागचे रसायन पक्के आहे. फुलातली सुवासिक द्रव्ये एरवी 200 अंशांच्या आसपास उकळतात. तेवढी आच दिली तर फूल करपेल. पाण्यासोबत मात्र तेल आणि पाणी, दोघांच्या वाफेचे दाब एकमेकांत मिळतात आणि 100 अंशांच्या आतच दोन्ही एकत्र वर येतात. गुलाबात मेख वेगळीच. त्याच्या वासाचा मोठा भाग असलेले फिनाइल-इथाइल अल्कोहोल पाण्यात बरेच विरघळते, म्हणजे गुलाबपाण्याबरोबर निघून जाते. म्हणून भपक्यात आधीच चंदनाचे तेल घालून ठेवायचे. ते हा वास आपल्यात ओढून घेते, आणि स्वतः सावकाश उडत असल्यामुळे धरूनही ठेवते. खाली साचलेले पाणी काढून पुन्हा डेगेत ओततात. दुसऱ्या दिवशी फुले नवी, चंदन तेच. असे कित्येक दिवस चालते.

कनौजची खरी करामत म्हणजे मातीचे अत्तर. डेगेत फुलांऐवजी भाजलेली माती घालायची. उतरतो तो वळवाच्या पहिल्या सरीचा वास. ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधात या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी या अत्तराचीही दखल घेतली होती. कनौजच्या कारागिरांना ते कधीचेच ठाऊक होते.

आता खरी अडचण भपक्यातल्या चंदनाची आहे. चंदन दुर्मीळ आणि महाग झाले, तसे बहुतेक ठिकाणी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी हे रासायनिक तेल आले. त्यांना स्वतःचा वास नाही, आणि चंदनासारखी मुरण्याची खोलीही नाही. डेग, भट्टी, चोंगा सगळे जुने, पण अत्तराचा पायाच बदललेला. ‘पारंपरिक’ म्हणून कौतुक करताना हे सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा बड्या बाजारात फाया हुंगून भाव करण्याआधी विचारावे, चंदनात उतरवले आहे का? स्वस्तात मिळत असेल तर विचारण्याचीही गरज नाही.

जायचेच तर गुलाबासाठी फेब्रुवारी-मार्च, बेल्यासाठी, म्हणजे आपल्या मोगऱ्यासाठी, उन्हाळा. भट्ट्या पाहायच्या तर सकाळी लवकर पोचा. उन्हाबरोबर फुलांचा वास उडू लागतो, म्हणून डेगा भल्या सकाळीच चढतात.