यादीतला शेवटचा

अमेरिकेतल्या एखाद्या प्रादेशिक विमान कंपनीत नव्या वैमानिकांची तुकडी रुजू झाली की सुरुवातीलाच प्रत्येकाला सेवाज्येष्ठतेचा एक क्रमांक मिळतो. एकाच दिवशी आलेल्या वीस-पंचवीस जणांत वरचा कोण आणि खालचा कोण, हे काही कंपन्यांत वयावरून ठरतं, म्हणजे वयाने मोठा तो वर. काही ठिकाणी सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे आकडे पाहतात, तर काही ठिकाणी सरळ चिठ्ठ्या टाकतात. उड्डाणातलं कौशल्य, परीक्षेतले गुण, आधीच्या कंपनीतला अनुभव यांपैकी काहीही इथे विचारात घेतलं जात नाही. माणूस त्या कंपनीत असेपर्यंत मात्र हा क्रमांक त्याला सोडत नाही. कोणत्या शहरातून उडायचं, कोणतं विमान उडवायचं, कॅप्टनची डावी खुर्ची कधी मिळणार, रजा जुलैत की फेब्रुवारीत, नाताळ घरी की विमानतळाजवळच्या हॉटेलात, या सगळ्याचं उत्तर त्या एका आकड्यात असतं.

दर महिन्याला वैमानिक पुढच्या महिन्याच्या कामासाठी आपली पसंती कळवतात. याला बिड म्हणतात. संगणक यादी वरून खाली वाचतो. पहिल्या क्रमांकाच्या माणसाला हवं ते मिळतं, दुसऱ्याला त्यातून उरलेलं, आणि असं करत तळाशी पोचेपर्यंत फक्त शनिवार-रविवार, सणाचे दिवस आणि ‘रिझर्व्ह’ शिल्लक असतं. रिझर्व्ह म्हणजे बोलावण्याची वाट पाहत थांबायचं. फोन आला की साधारण दोन तासांत विमानतळावर हजर व्हायचं, आणि आला नाही तर दिवस तसाच जायचा. चांगलं वाटताना यादी वरून वाचतात, वाईट वाटताना खालून. माणूस कमी पडला तर सुट्टीच्या दिवशी सक्तीने आधी शेवटच्याला बोलावतात. कंपनी अडचणीत आली तर बिनपगारी घरीही आधी त्यालाच पाठवतात.

ही पद्धत क्रूर वाटते, पण ती का आली हे पाहिल्याशिवाय तिच्यावर निकाल देणं अन्यायाचं होईल. अमेरिकी वैमानिकांची मुख्य संघटना, एअर लाइन पायलट्स असोसिएशन, 1931 साली डेव्हिड बेन्के या वैमानिकाच्या पुढाकाराने उभी राहिली. तो मंदीचा काळ होता. पुढच्याच वर्षी शिकागोत ई. एल. कॉर्ड यांच्या सेंच्युरी एअरलाइन्सने वैमानिकांचे पगार एकदम खाली आणले आणि त्यावरून मोठा संघर्ष पेटला. त्या काळात धुक्यात, वादळात उडायला नकार देणाऱ्याला नोकरी टिकेल याची खात्री नव्हती. वरिष्ठाच्या मर्जीवर बढती अवलंबून असेल तर मर्जी सांभाळणारा माणूस ‘आज विमान नेणार नाही’ असं कसं म्हणेल? ज्येष्ठतेच्या यादीने ती मर्जीच काढून घेतली. तारीख कुणाची खुशामत करत नाही. नकार देणाऱ्या कॅप्टनचा क्रमांक दुसऱ्या दिवशीही तोच राहतो. प्रवाशाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, आणि म्हणून यादी मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

दोष दुसरीकडे आहे. हा क्रमांक कंपनीच्या दाराबाहेर शून्य ठरतो. तुम्ही वीस वर्षं कॅप्टन असा, कंपनी बदललीत की नव्या ठिकाणी यादीत शेवटचे. ईस्टर्न एअरलाइन्स जानेवारी 1991 मध्ये आणि पॅन अ‍ॅम त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बंद पडली, तेव्हा पन्नाशीच्या आसपासची मुरलेली माणसं तिशीतल्या कॅप्टनच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसली, तीही नोकरी मिळाली तर. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली, आणि टीडब्ल्यूएच्या बहुसंख्य वैमानिकांना अमेरिकनच्या यादीच्या तळाला जोडलं गेलं. वैमानिक याला ‘स्टेपल’ करणं म्हणतात. वर्षाअखेरीपर्यंत 11 सप्टेंबरचा आघात होऊन गेला होता आणि कपात खालून सुरू झाली. टीडब्ल्यूए मिसूरी राज्यातली. तिथल्याच मॅकॅस्किल आणि बाँड या दोन सिनेटरांनी 2007 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून घेतली, की विलीनीकरणात याद्या न्याय्य रीतीने जोडाव्यात आणि जमलं नाही तर लवादाकडे जावं.

लवादानेही प्रश्न सुटतोच असं नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट 2005 मध्ये एक झाल्या. लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी 2007 मध्ये एकत्रित यादी दिली. ती यूएस एअरवेजच्या जुन्या वैमानिकांना इतकी अमान्य झाली की त्यांनी 2008 मध्ये आपली संघटनाच बदलली, आणि एकाच कंपनीचे वैमानिक पुढे कित्येक वर्षं दोन वेगळ्या याद्यांवर उडत राहिले. आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या, तेव्हाही हेच घडलं. न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली, आणि तरी मे 2012 मध्ये नव्या बोइंग 787 वरचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं यावरून जवळजवळ दोन महिन्यांचा संप झाला. मुंबईतल्या ज्या प्रवाशांची तिकिटं तेव्हा रद्द झाली, त्यांतल्या अनेकांना कदाचित ठाऊक नसेल की भांडणाच्या मुळाशी ज्येष्ठता आणि बढती होती.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे प्रादेशिक कंपन्यांकडे. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, एंडेव्हर, पीएसए ही नावं प्रवासी क्वचितच लक्षात ठेवतात, कारण विमानावर रंग आणि नाव युनायटेड, डेल्टा किंवा अमेरिकनचं असतं. छोट्या शहरांतून मोठ्या विमानतळांवर माणसं आणून सोडायचं काम या कंपन्या करतात. त्यांच्या विमानाचा आकार बड्या कंपनीच्या वैमानिकांच्या करारातल्या ‘स्कोप’ कलमाने ठरतो. साधारणपणे 76 आसनं आणि 86,000 पौंड वजन, त्याच्या वर नाही. एम्ब्राएर 175 मध्ये याहून जास्त आसनं बसू शकतात, पण अमेरिकेत ती 76 वरच थांबतात. या विमानाची नवी, जड आवृत्ती याच वजनाच्या अटीमुळे तिथे खपू शकली नाही. बड्या कंपनीतल्या वैमानिकांनी आपलं काम स्वस्तात बाहेर जाऊ नये म्हणून हे कलम घालून घेतलं, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण परिणाम असा, की प्रादेशिक वैमानिकाच्या वाढीची मर्यादा ज्या करारात लिहिली आहे, त्यावर त्याची सही नाही आणि मतही नाही.

या तळाचं आयुष्य कसं होतं, हे अमेरिकेने 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्रीनंतर पाहिलं. नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं विमान उतरण्याआधी क्लॅरेन्स सेंटर इथल्या घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जण गेले. वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने चुकीची प्रतिक्रिया दिली, हे मुख्य कारण राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने नोंदवलं. पण चौकशीत बाकीचंही बाहेर आलं. सहवैमानिक तरुणी सिअ‍ॅटलजवळ राहायची आणि तिचा बेस होता देशाच्या दुसऱ्या टोकाला, नेवार्कला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानातून, मेम्फिसमार्गे, रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. तिच्या पगाराचा वर्षाला सुमारे 16 हजार डॉलर असा आकडा सुनावणीत पुढे आला. कॅप्टननेही कर्मचाऱ्यांच्या खोलीत झोप काढल्याचं दिसलं. बेस ज्येष्ठतेने मिळतो, आणि नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा महागड्या शहरातला बेस येतो. तिथे घर परवडत नाही, म्हणून माणूस दूर राहतो, किंवा आठ-दहा जणांत मिळून एक फ्लॅट घेतो, ज्याला ते ‘क्रॅश पॅड’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या क्यू गार्डन्सला अशा फ्लॅट्समुळे लोक ‘क्रू गार्डन्स’ म्हणू लागले.

मृतांचे नातेवाईक पुन्हा पुन्हा वॉशिंग्टनला गेले, खासदारांच्या दारात उभे राहिले. त्यांच्या रेट्यामुळे ऑगस्ट 2010 मध्ये कायदा झाला. पूर्वी 250 तासांच्या व्यावसायिक परवान्यावर प्रवासी विमानात सहवैमानिक होता येत असे. 2013 पासून त्यालाही एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवाना, म्हणजे सर्वसाधारणपणे 1500 तास, आवश्यक झाला. सैन्यातून आलेल्यांना 750, मान्यताप्राप्त विमानचालन पदवी असलेल्यांना 1000 तास पुरतात. जानेवारी 2014 पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले: कामाआधी किमान दहा तास विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी.

या दोन सुधारणांत मी फरक करतो. कोलगनच्या दोन्ही वैमानिकांचे तास 1500 पेक्षा जास्तच होते. तासांची अट त्या रात्री लागू असती तरी त्या दोघांना ती अडवू शकली नसती. झोपेचा आणि पगाराचा प्रश्न मात्र थेट त्या विमानात बसलेला होता. 250 ते 1500 हे अंतर कापायला नव्या मुलाला दीड-दोन वर्षं इतरांना उड्डाण शिकवावं लागतं, जाहिरातीचे फलक ओढावे लागतात, पाइपलाइनची पाहणी करावी लागते. यातून काही जण खरोखर तयार होतात, यात शंका नाही. पण प्रशिक्षणाचं कर्ज डोक्यावर घेऊन एवढा काळ काढणं ज्यांना जमत नाही, ते बाहेर पडतात. प्रादेशिक कंपन्यांना माणसं मिळेनात. रिपब्लिकने फेब्रुवारी 2016 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताना वैमानिकांची टंचाई हे एक कारण दिलं. ग्रेट लेक्स एअरलाइन्सने मार्च 2018 मध्ये उड्डाणं थांबवली.

टंचाईमुळेच शेवटी पगार वाढला. कोविडमध्ये बड्या कंपन्यांनी ज्येष्ठांना मुदतपूर्व निवृत्ती दिली, आणि प्रवासी परतले तेव्हा त्यांनी प्रादेशिक कंपन्यांतले कॅप्टन उचलले. 2022 च्या उन्हाळ्यात अमेरिकनच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाला तासाला 90 डॉलर देऊ केले. तेरा वर्षांपूर्वीच्या त्या आकड्यापुढे हा बदल प्रचंड होता.

मग एक विचित्र कोंडी झाली. नियमाने कॅप्टन व्हायचं तर एअरलाइनच्या सहवैमानिकाच्या खुर्चीत 1000 तास व्हावे लागतात. कॅप्टन वरच्या कंपन्यांत निघून गेले, त्यामुळे उड्डाणं घटली. उड्डाणं घटल्यामुळे नव्याने भरलेले सहवैमानिक रिझर्व्हवर फोनची वाट पाहत बसले. उड्डाण नाही म्हणून तास नाहीत, तास नाहीत म्हणून कॅप्टन नाही, आणि कॅप्टन नाही म्हणून उड्डाण नाही. बाहेरून तयार कॅप्टन आणायला कंपन्यांनी मोठे बोनस दिले. जेमतेम तास भरलेल्या काहींना तर कॅप्टनपद सक्तीने घ्यावं लागलं, आणि ते घेतल्यावर कॅप्टनांच्या यादीत ते पुन्हा तळाशी गेले, पुन्हा रिझर्व्हवर. 2024 मध्ये बड्या कंपन्यांची भरती मंदावली, तेव्हा रांग आणखी थबकली. 2022 मध्ये लागलेला आणि 2024 मध्ये लागलेला, एकाच कुवतीचे असले तरी त्यांची आयुष्यं वेगळी.

निवृत्तीच्या वयाचंही तेच. 1959 चा साठीचा नियम डिसेंबर 2007 मध्ये पासष्टवर गेला. वरच्या माणसाला पाच वर्षं जास्त मिळाली, आणि खालची प्रत्येक पायरी पाच वर्षं अडली, त्यात मंदी आली. साठीला आलेल्या कॅप्टनचीही बाजू होती. कित्येकांची पेन्शन कंपन्यांच्या दिवाळखोरीत बुडाली होती. हडसन नदीत विमान उतरवणाऱ्या चेस्ली सलनबर्गर यांनी फेब्रुवारी 2009 मध्ये काँग्रेससमोर सांगितलं की त्यांचा पगार 40 टक्क्यांनी कमी झाला आणि पेन्शन गेली. वरच्याचं नुकसान भरून काढण्यासाठी खालच्याची वर्षं वापरली गेली. कंपनीला खर्च पडला नाही.

गोंदिया, बारामतीत शिकणाऱ्या किंवा फ्लोरिडा, अ‍ॅरिझोनात परवाना काढायला निघालेल्या आपल्या मुलांना एक सांगायला हवं. भारतात 200 तासांच्या परवान्यावर सहवैमानिकाची खुर्ची मिळू शकते, अमेरिकेत नाही. शिवाय तिथल्या एअरलाइनमध्ये नोकरीसाठी बहुतेक ठिकाणी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ‘तिकडे वैमानिकांची टंचाई आहे’ एवढ्या जाहिरातीवर कुणी घर गहाण ठेवू नये.

मे 2024 मध्ये विमान वाहतुकीचा नवा अमेरिकी कायदा झाला. निवृत्तीचं वय 67 करण्याचा आणि सिम्युलेटरचे जास्त तास मोजू देण्याचा प्रयत्न त्याआधी बराच झाला होता, पण पासष्ट आणि पंधराशे दोन्ही तसेच राहिले. क्रमांकाचा प्रश्न तर विलीनीकरणाची तरतूद सोडली तर कायद्याच्या कक्षेत येतच नाही. तो कंपनी आणि संघटना यांच्या करारात ठरतो. म्हणून माझं मागणं संघटनांकडे आहे. बेस, बढती, रजा यांसाठी यादी जरूर ठेवा. पण एका कंपनीत घालवलेली वर्षं दुसऱ्या कंपनीत निदान पगाराच्या श्रेणीत तरी मोजा. टंचाईच्या काळात अनेक प्रादेशिक कंपन्यांनी हे स्वतःहून केलं. अनुभवी माणूस यादीत शेवटी गेला, पण त्याचा पगार पहिल्या वर्षाचा धरला नाही. यामुळे कुणाचा क्रमांक खाली गेला नाही आणि कुणाचं विमान गेलं नाही. हे कलम आता बड्या कंपन्यांसह प्रत्येक करारात घालून घ्या, आणि भरती थांबलेली असतानाही ते तिथे राहू द्या.