डोळा आणि काच : ७
आरओचे पाणी आणि लेन्सची डबी

या आठवड्यात थेंबांच्या औषधांवर लिहायचे ठरले होते. ते आता पुढच्या वेळी, कारण मध्येच हिंगणघाटच्या एका वाचकांचे पत्र आले. त्यांची मुलगी वर्ध्यात वसतिगृहात राहते, सॉफ्ट लेन्स लावते आणि लेन्सची डबी रोज आरओच्या पाण्याने विसळते. ‘तेच पाणी आपण पितो, मग डोळ्याला काय होणार?’ असा त्यांचा सवाल. एवढ्या नेमक्या प्रश्नाला अख्खा भाग द्यायला हरकत नाही.

पिण्याजोगे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. पोटात गेलेल्या जंतूची गाठ जठरातल्या आम्लाशी पडते. डबीत शिरलेल्याला अडवणारे कोणी नसते. त्यातून स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू कमालीचा अल्पसंतुष्ट! ज्या पाण्यात पोषण नावालाच आहे, त्यातही तो तग धरतो. पाणी धाम नदीचे, बोअरचे की आरओचे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

डबीत तो नुसता तरंगत राहत नाही. घागरीच्या तळाला बुळबुळीत थर धरतो, तसा तो डबीच्या कडांना धरतो आणि त्या थराखालच्या जंतूंपर्यंत लेन्सचे सोल्यूशन धड पोचत नाही. त्यावर आपली काटकसर अशी, की कालचे सोल्यूशन न फेकता त्यातच नव्याची भर घालायची. वापरलेल्या सोल्यूशनचा जोर ओसरलेला असतो, त्यात मिसळून नवेही पातळ पडते.

लेन्स लावून झोपणे त्याहून वाईट. मिटलेल्या पापणीखाली बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला प्राणवायू कमी मिळतो आणि त्याची जंतूंना रोखण्याची ताकद घटते. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लेन्स रोज काढून ठेवण्याच्या प्रकारात वर्षाला दर १०,००० जणांमागे सुमारे ४ जणांना या पडद्यावर व्रण झाला. रात्रंदिवस वापरायच्या लेन्सच्या प्रकारात सुमारे २१ जणांना.

आपल्याकडे असा व्रण होऊन डोळ्यात फूल पडते ते बहुधा शेतात. पऱ्हाटीची काडी किंवा सोयाबीनचा कचरा लागतो, जखमेत बुरशी शिरते आणि दुखणे हळूहळू वाढते. स्यूडोमोनास एवढी सवड देत नाही. त्याची विकरे तो पारदर्शक पडदा एक-दोन दिवसांतही विरघळवू शकतात. अशा वेळी मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब म्हणजे शुद्ध आत्मघात.

तेव्हा हिंगणघाटकरांनी मुलीला कळवावे : डबीला पाणी लावूच नये. जुने सोल्यूशन ओतून द्यावे, ताज्याने डबी चोळून धुवावी, स्वच्छ टिश्यूने पुसावी आणि झाकणे काढून उपडी वाळवावी. तीन महिन्यांच्या आत ती टाकून नवी घ्यावी.

डोळा लाल झाला, ठणकला, उजेड सोसेनासा झाला, तर लेन्स काढून त्याच दिवशी सेवाग्राम किंवा सावंगीचे रुग्णालय गाठावे. जाताना लेन्स आणि डबी न धुता सोबत न्यावी. व्रणाच्या खरवड्यातून काही उगवले नाही, तरी जंतू कधीकधी डबीत सापडतो.