सीलबंद डबीतलं जुनं नाणं घेताय? आधी डबीची कड पाहा

व्हॉट्सॲप-फेसबुकच्या ग्रुपवर जुन्या चांदीच्या रुपयांचे फोटो सर्रास फिरतात. त्यातली काही नाणी कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत असतात. संग्राहक तिला ‘स्लॅब’ म्हणतात. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या नाणं तपासून, १ ते ७० मधला दर्जा देऊन असं बंद करतात. डबी आहे म्हणून लोक जास्त पैसे मोजतात. भामट्यांचा डोळा तिथंच असतो. डबी उघडायची, चांगलं नाणं काढायचं, हलकं किंवा नकली घालायचं आणि पुन्हा चिकटवायची.

खऱ्या डबीचे दोन भाग कंपनांच्या उष्णतेने वितळवून जोडलेले असतात. ती जोर लावल्याशिवाय उघडत नाही, आणि जोर लावला की खूण राहते. मोबाइलची बॅटरी आडवी धरून चारही कडा पाहा. पांढरट पडलेली रेघ, उडालेले टवके, कोपऱ्यातले बारीक तडे, वाळलेला गोंद किंवा बुडबुडे दिसतात का? डबी पडली तरी तडा जातो, त्यामुळे नुसत्या तड्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही. पण गोंद आपोआप येत नाही!

डबीवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर टाकून बघता येतो. इथंच बरेच जण फसतात. नंबर खरा निघाला म्हणजे माल खरा, असं नाही. दुसऱ्याच्या डबीचा नंबर उचलून नकली लेबल छापता येतं. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ, म्हणून महाग. अशा नाण्याच्या बाबतीत कंपनीकडे फोटो असेल तर ओरखडे, डाग, काळपटपणा एकेक करून जुळवा. साल आणि राजाचं तोंड सगळ्यांचं सारखंच असतं, ओरखडे नसतात. पीसीजीएसच्या नव्या डब्यांत एनएफसी चिप येते, ती फोन टेकवून तपासता येते.

विकणाऱ्याकडे चारही कडांचा व्हिडिओ मागा. तो टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथंच सोडा.

कुणी उलट तुमचंच नाणं लाखोंना घेतो म्हणून आधी कमिशन किंवा टॅक्स मागितला, तर एक पैसाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे पैसे उकळले जातात, असा इशारा बँकेनेच २०२१ मध्ये दिला होता. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.