बिनतारी कार्यालय : खोक्यावरचा वेग आणि टेबलावरचा वेग

१९९९ साली संमत झालेल्या ८०२.११बी या मानकामुळे तारांविना संगणक जोडणे अमेरिकेतील लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आले. खोक्यावर सेकंदाला ११ मेगाबिट असा वेग छापलेला असे. प्रत्यक्षात हाती येत ते जेमतेम ५-६, आणि तेही एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरील सर्वांत वाटले जात. म्हणून लॅपटॉप घेऊन खोलीखोलीत जाणे, दार लावून एकच मोठी फाइल पाठवणे आणि लागलेला वेळ मोजणे, हीच खरी पारख होती. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. तेव्हा ही चाचणी जेवणाच्या सुट्टीतही घेणे शहाणपणाचे ठरे.

खरा धोका मात्र निराळाच होता. तार भिंतीपाशी थांबते, लहरी रस्त्यापर्यंत जातात. त्यांच्या रक्षणासाठी योजलेली डब्ल्यूईपी ही कूटपद्धती किती दुबळी आहे, हे फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ साली दाखवून दिले. पुरेशी पॅकेट टिपली की किल्ली उलगडे. ती लांब केल्यानेही फारसे काही साधत नसे.

म्हणूनच वेगाआधी विचारायचा प्रश्न हा होता : या यंत्रातील सॉफ्टवेअर पुढे बदलता येईल काय? ज्या यंत्रांत ते बदलता आले, त्यांतल्या अनेकांना २००३ मध्ये डब्ल्यूपीएचे कवच लाभले. उरलेल्यांचा वेग कितीही असो, त्यांवर कार्यालयाचे कागद सोपवणे धोक्याचेच राहिले.