पांढऱ्या पेशींची पारख

१८४५ साली एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो या दोघांनी, स्वतंत्रपणे, मृत रुग्णांच्या रक्तात पांढऱ्या पेशींची प्रचंड गर्दी पाहिली. बेनेट यांना तो रक्तातला पू वाटला. फिर्खो यांनी ते नाकारले आणि १८४७ मध्ये या आजाराला ‘ल्यूकेमिया’ हे नाव दिले. पण रंग न दिलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारख्याच दिसत. त्या मोजता येत. त्यांतली निरोगी कोणती आणि रोगट कोणती, हे सांगणे अवघड होते. अक्यूट ल्यूकेमियात मोजणीवरही विसंबता येत नाही. काही रुग्णांत पांढऱ्या पेशी उलट कमीच असतात, आणि साध्या जंतुसंसर्गातही निरोगी पेशी भरमसाट वाढतात.

पाउल एर्लिक यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम रंग वापरले तेव्हा पेशींच्या जाती वेगळ्या दिसू लागल्या. १९०१ चा लीशमन स्टेन तर आपल्याकडच्या लॅबमध्ये आजही रोजच्या वापरात आहे. १९०० मध्ये ऑटो नेगेली यांनी मायलोब्लास्टचे वर्णन केले: मोठे केंद्रक, त्यातले नाजूक क्रोमॅटिन, भोवती निळसर पेशीद्रव्याची किनार. पण ब्लास्ट, म्हणजे कोवळी पेशी, मुळात रोगट नसतो. निरोगी मॅरोतही (अस्थिमज्जेतही) तो थोडा असतोच, पुढे पक्व होतो. ल्यूकेमियात तो पक्व होत नाही, साचत जातो. म्हणून प्रमाण ठरवावे लागले. १९७६ च्या फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश वर्गीकरणाने मायलॉइड ल्यूकेमियासाठी ३० टक्के ब्लास्टची मर्यादा घातली. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती २० टक्क्यांवर आणली. पेशीच्या रूपात ठामपणे बोट ठेवावे अशी खूण एखादीच. १९०६ मध्ये जॉन आउअर यांनी वर्णन केलेल्या लालसर काड्या निरोगी ब्लास्टमध्ये दिसत नाहीत. त्यांच्या मोळ्याच दिसल्या तर प्रोमायलोसायटिक ल्यूकेमियाचा दाट संशय घ्यायचा आणि रक्तस्रावाने जीव जाण्याआधी औषध सुरू करायचे.

लिम्फॉइड ब्लास्टमध्ये मात्र डोळा हरतो. केमोथेरपीनंतर सावरणाऱ्या मुलाच्या मॅरोत हेमॅटोगोन नावाच्या निरोगी कोवळ्या बी पेशी उसळून येतात, आणि त्या हुबेहूब ल्यूकेमियाच्या ब्लास्टसारख्या दिसतात. त्यांना रोग समजले, तर मुलाला नको असलेले जहाल उपचार होतात. रोगाला हेमॅटोगोन समजले, तर मूल हातचे जाते.

या पेचातून वाट निघाली ती १९७५ मध्ये, केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी घडवलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडींमुळे. पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना १९८२ च्या पॅरिस परिषदेपासून सीडी क्रमांक मिळाले, आणि फ्लो सायटोमेट्रीत लेझरसमोरून एकेक पेशी नेऊन तपासली जाऊ लागली. तरी ‘ही प्रथिने फक्त ल्यूकेमियाची’ अशी यादी हाती आली नाही. हाती आला तो निरोगी वाढीचा क्रम. बी पेशी वाढताना सीडी३४ मावळते, सीडी१० ओसरत जाते, सीडी२० चढत जाते. हेमॅटोगोन हा क्रम पाळतात. ल्यूकेमियाच्या पेशी एकाच टप्प्यावर अडकतात, एखादे प्रथिन अवाजवी प्रमाणात धारण करतात किंवा वयाला न शोभणारे दुसरे बाळगतात. या बेशिस्तीवरून आज दहा हजार पेशींत लपलेली एक रोगट पेशी शोधता येते, आणि उपचार वाढवायचे की कमी करायचे हे त्यावर ठरते.

मला या साऱ्या प्रवासाचे सार इथेच दिसते: रोगाचे ज्ञान निरोगीपणाच्या बारीक अभ्यासातून आले. त्यामुळे नव्या पॅथॉलॉजिस्टने निरोगी आणि सावरत्या मॅरो भरपूर पाहणे ही चैन नाही, ती रुग्णाच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे.

उपचार मात्र अजून इतके चोखंदळ झालेले नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. तो सीडी१९ धारण करणाऱ्या पेशींवर तुटून पडतो. पण सीडी१९ निरोगी बी पेशींवरही असते, म्हणून त्याही मारल्या जातात. शिवाय उपचारानंतर उरलेल्या रोगट पेशी सीडी१९ टाकून देऊ शकतात. तेव्हा त्यांचा माग काढायला लॅबला दुसऱ्या खुणा लागतात. निदानाला जो फरक कळतो तो औषधालाही कळावा, हे काम आता पुढच्या संशोधकांचे आहे.