नववीचे गणित आणि उसाचा हंगाम

जून उजाडला की माध्यमिक शाळांतून वार्षिक नियोजनाचे कागद रंगू लागतात. महिन्यांचे रकाने, घटक, उपघटक, तासिका, घटक चाचणी, सहामाही आणि खाली मुख्याध्यापकांची सही. गणिताच्या शिक्षकाने हा कागद भरायचा, फाईलला लावायचा आणि पुढच्या जूनमध्ये साल बदलून तोच उतरवायचा! हे नियोजन नेमके कोणत्या मुलांसाठी केले जाते, हा प्रश्न निदान धाराशिव जिल्ह्यात तरी विचारला गेला पाहिजे.

केंद्राने 2018 साली आकांक्षित म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील 4 जिल्ह्यांपैकी हा एक. भूम, परंडा, वाशी, कळंब या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. त्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आहेत, भटके-विमुक्त आहेत. मुकादमाची उचल घेतलेली असते. पोरगे नववीत आहे की आठवीत, याच्याशी मुकादमाला देणेघेणे नसते. पोरगी असेल तर भाकरी थापायला आणि धाकटी भावंडे सांभाळायला कोपीवर हवीच. ही मुले गावात परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे.

आता नियोजनाचा कागद यांच्याशेजारी ठेवून पाहा. 2017 साली आलेल्या नववीच्या गणिताचे दोन भाग. पहिल्यात संच, वास्तव संख्या, बहुपदी येथून सुरुवात आणि सांख्यिकी शेवटी. दुसऱ्यात समांतर रेषा, त्रिकोण आधी. वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, पृष्ठफळ व घनफळ मागे. पुस्तकाच्या क्रमाने चालले की मागची प्रकरणे दुसऱ्या सत्रात जातात. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च फडावर असलेल्या मुलाच्या वाट्याला त्रिकोणमिती येतच नाही. दहावीत गुरुजी विचारतात, ‘नववीत काय केलेस?’ आणि ते मूल ‘ढ’ ठरते. त्याला ढ कोणी केले? त्याच्या डोक्याने की शाळेच्या वेळापत्रकाने?

नववीचाच आग्रह का, तेही सांगतो. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा 6 ते 14 वयापर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीच्या उंबरठ्यावर ते छत्र संपते. अपूर्णांकांची बेरीज न येताही मूल वर्षानुवर्षे पुढच्या वर्गात जात राहिले. राज्यात 2023 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. पण परीक्षा घेतल्याने शिकवले गेले असे होत नाही. अनेकांना गणितातला खरा फटका बसतो तो नववीतच.

त्यावर व्यवस्थेने काढलेले उपायही पाहण्यासारखे आहेत. काही वर्षे नववी-दहावीला ‘सामान्य गणित’ होते. निकालाची टक्केवारी राखण्यासाठी त्या तुकडीत कोणाची पोरे बसवली गेली असतील, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. 2017-18 पासून ते नववीतून गेले. मग 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात दुसरी वाट सुचवली गेली: गणितात 20 गुण मिळाले तरी अकरावीत जा, पण पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही असा शेरा घेऊन जा. दार तेच, फक्त पाटी बदलली!

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला आणि डबे हलवले. हा प्रसंग आपण भाषणांत सांगतो. पण आज नववीच्या वर्गात फळ्याजवळ कोणाला बोलावले जाते, हे पाहायला आपल्यापैकी किती पालक शाळेत जातात?

मग नियोजन कसे असावे? पहिले तीन-चार आठवडे पुस्तक उघडूच नये. अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी, बैजिक राशी एवढेच घ्यावे. कोणाचे कुठे अडते ते तपासावे आणि त्याला गुण देऊ नयेत. नंतर दसऱ्याच्या आत बहुपदी, गुणोत्तर-प्रमाण, रेषीय समीकरणे आणि त्रिकोण, कारण दहावीची इमारत यांवरच उभी राहते. त्रिकोणाच्या प्रकरणात समरूपता येते. तिला जोडूनच त्रिकोणमितीची ओळख सप्टेंबरात का देऊ नये? संच दिवाळीनंतर गेला म्हणून आभाळ कोसळत नाही. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तिथे मूल थांबते. पण तिथेही संध्याकाळी गणित घेणारा माणूस लागतो, नुसती खिचडी नव्हे. पाडव्यानंतरचे दिवस परतलेल्या मुलांसाठी राखून ठेवावेत. तो जयंतीचा काळ. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात गावातल्या एखाद्या बेकार बी. एस्सी. तरुणाला मानधन देऊन महिनाभराचा वर्ग चालतो, हे जयंती मंडळांनी मनावर घ्यावे.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब मागितला होता. तो हिशेब आज नववीच्या वर्गात असा मांडता येईल. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. समजा वाढीनंतर टनाला 366 रुपये झाले, तर आधी किती? सुमारे 273. ही शेकडेवारी झाली. बापाने लाखाची उचल घेतली तर ती फिटायला किती टन तोडावे लागतील? जवळपास 273 टन. आईबाप मिळून रोज 2 टन तोडत असतील तर 137 दिवस, तेही एकही खाडा न धरता! आता तोडलेल्या टनांना क्ष म्हणा, खाड्यांना य म्हणा, मुकादम एका खाड्याचे किती कापतो ते घरी विचारून या आणि समीकरण मांडा. दोन चलांतील रेषीय समीकरण ते हेच. पुढचे उत्तर मुलांनाच काढू द्यावे, आणि ते आईबापाला वाचून दाखवायला सांगावे.