काटा वजन सांगतो, पिकअप सांगत नाही

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की घाट लागायच्या आधी पातूर येतं. सोयाबीन निघालं, शेतं मोकळी झाली की या भागात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना ऊत येतो. ट्रॉफ्या, रोख बक्षिसं, लाऊडस्पीकरवरची कॉमेंट्री, सगळं असतं. या दिवसांत बॅट घ्यायला दुकानात आलेला पोरगा कसा वागतो ते बघण्यासारखं असतं. तो बॅट किती किलोची आहे हे विचारतच नाही. तीन-चार बॅटा काढायला लावतो, एकेक जमिनीवर टेकवतो, झटकन खांद्यापर्यंत उचलतो, हवेतच दोन ड्राइव्ह मारतो आणि एक बाजूला सारतो. ‘हे नको भाऊ, इचा पिकअप नाई बसत.’ त्या बाजूला सारलेल्या बॅटचं वजन आवडलेल्या बॅटपेक्षा कमीसुद्धा असू शकतं, आणि तरीही पोरगा बरोबर असतो.

पुण्यात नोकरीला गेलेले वऱ्हाडातले हेच तरुण आता शनिवार-रविवारी पॅडल खेळू लागलेत. काचेच्या भिंतींमधला, टेनिस आणि स्क्वॉश यांच्या मधला हा खेळ १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कोर्कुएरा यांनी सुरू केला. तिथून तो स्पेन आणि अर्जेंटिनात फोफावला आणि आता मुंबई-पुण्यातही त्याची कोर्टं उभी राहिली आहेत. त्याच्या रॅकेटला तारा नसतात. आत फोम, वर कार्बन किंवा फायबरग्लासचा थर आणि त्याला भोकं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रॅकेटी ३४० ते ३९० ग्रॅममध्ये बसतात. प्रश्न तिथेच सुरू होतो. ३५० ची घ्यावी की ३७५ ची? विक्रेता म्हणतो, जड घ्या, पॉवर येते. सोबत खेळणारा म्हणतो, हलकी घे, हात दुखणार नाही. दोघंही अर्धंच सांगतात. क्रिकेटची बॅट उचलताना जो हात पिकअप बघायचा, तोच हात रॅकेट घेताना डब्यावरचा आकडा वाचायला लागतो, याची मला गंमत वाटते.

पिकअप म्हणजे नेमकं काय, हे कळायला बॅट उलटी करून बघावी. नेहमीसारखी मुठीत धरून मनगटातून इकडे-तिकडे फिरवा. मग पात्याच्या टोकाकडे धरून, मूठ पुढे करून तशीच फिरवा. लाकूड तेच, वजन तेच. पण दुसऱ्या वेळी ती बरीच हलकी भासते. वजनाचा मोठा भाग हाताजवळ आला की वस्तू फिरवायला सोपी जाते. पदार्थविज्ञानात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. वस्तूचा प्रत्येक कण अक्षापासून जितका दूर, त्या अंतराच्या वर्गाच्या पटीत तो फिरण्याला विरोध करतो. इथे वर्ग हा शब्द महत्त्वाचा. अंतर दुप्पट झालं की विरोध चौपट होतो.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार आणि कबड्डी दाखवून आलं. अशा आपल्या आखाड्यांत जो मुद्गल फिरवतात तो जडत्व आघूर्णाचा उत्तम नमुना आहे. मूठ बारीक, आणि जाडजूड, जड भाग हातापासून शक्य तितका लांब. मुद्गलाची घडणच हाताला दमवण्यासाठी आहे. त्याचं वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, याचा खेळ. खांद्यामागून मुद्गल फिरवताना पैलवान कोपर वाकवून त्याला अंगाजवळ घेतो, तेव्हा तो आपल्या नकळत हे आघूर्ण कमी करत असतो. इंग्रजांनी हा प्रकार हिंदुस्थानातून उचलून युरोपात नेला, आणि पुढे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची चक्क स्पर्धा झाली. बॅट किंवा रॅकेट घडवणाऱ्याचं काम मुद्गलाच्या उलट असतं. चेंडूवर आदळणारा भाग टोकाकडे हवा, म्हणजे थोडं वजन तिथे लागणारच. पण हात मात्र दमू नये.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाचे पदार्थवैज्ञानिक रॉड क्रॉस यांनी एका सहकाऱ्यासोबत २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी सहा दांडे घेतले. तीन दांड्यांचं वजन सारखं, पण आघूर्ण वेगवेगळं. उरलेल्या तिघांचं आघूर्ण सारखं, पण वजन वेगवेगळं. खेळाडूंना ते जीव तोडून फिरवायला सांगितलं आणि वेग मोजला. आघूर्ण सारखं असलेल्या दांड्यांचा वेग वजन वाढूनही बदलला नाही. वजन सारखं पण आघूर्ण वेगळं, तिथे मात्र वेग बदलला. म्हणजे हाताला काट्यावरचं वजन कळतच नाही असं नाही, पण झपाटा ठरतो तो आघूर्णावर. दुकानातल्या पोराचा पिकअप तो हाच.

त्याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट निघाली, आणि तिथे ‘हलकी म्हणजे वेगवान’ हा समज ढिला पडतो. आघूर्ण १० टक्क्यांनी वाढलं तर वेग १० टक्क्यांनी घटत नाही, जेमतेम अडीच टक्क्यांनी घटतो. कारण रॅकेटसोबत आपण स्वतःचा हातही फिरवत असतो, आणि हात काही ३६० ग्रॅमचा नसतो. शिवाय स्नायूचा एक स्वभाव आहे. तो भार जास्त असताना हळू पण जोर लावून आखडतो, भार कमी असताना भरभर पण कमी जोराने. नोबेल मिळालेले ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर काम करून हे नातं सूत्रात मांडलं. त्यामुळे रॅकेट कितीही हलकी केली तरी हात एका मर्यादेपुढे वेगानं जात नाही.

आता दुसरी बाजू, चेंडूची. पॅडलचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे रॅकेट त्याच्या साधारण सहापट. टक्करीच्या गणितात हे गुणोत्तर निर्णायक. ३६५ ऐवजी ३९० ग्रॅमची रॅकेट त्याच वेगानं फिरवली तर चेंडूचा वेग ढोबळमानाने एक-दीड टक्का वाढेल. पण ती त्याच वेगानं फिरणार नाही. वाढलेल्या आघूर्णात तेवढाच वेग निघून जाईल. हिशेब फिटंफाट. मग जड रॅकेटचा फायदा कुठे? समोरून जोरात आलेला चेंडू नुसता अडवायचा असेल तिथे. जड रॅकेट कमी ढळते, आणि चेंडू मधोमध न बसता कडेला लागला तरी हातात कमी वळते. पॅडलमध्ये सर्व्हिस कमरेखालून, टप्पा पाडून करायची असते. टेनिससारखी डोक्यावरून तोफ डागायची सोयच नाही. १० बाय २० मीटरच्या कोर्टात चौघं खेळतात, जाळीजवळ चेंडू इतका लवकर येतो की घाव घालण्यापेक्षा रॅकेट वेळेवर चेंडूच्या मागे नेणं हेच अर्धं काम. तिथे दोन टक्के वेग गमावण्यापेक्षा रॅकेट उशिरा पोहोचणं महागात पडतं.

टेनिस बॉल क्रिकेटला हेच गणित लावून पाहा. चामड्याचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, त्याच्यापुढे सव्वा किलोची बॅट आठपट. टेनिसचा चेंडू त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे एक किलोची बॅटसुद्धा चेंडूच्या सतरापट होते, आणि इतक्या मोठ्या गुणोत्तरात बॅट आणखी पाव किलो जड केली तरी चेंडूच्या वेगात एका टक्क्याच्या आसपासच भर पडते. टेनिस बॉलच्या बॅटांची पाठ खरवडून हलकी केलेली असते ती उगाच नाही. लेदर बॉलची बॅट घेऊन टेनिस बॉल खेळणारा गडी स्वतःचंच नुकसान करतो, भले ती बॅट मोठ्या खेळाडूच्या स्टिकरची का असेना.

मोठ्या खेळाडूंचं बघून वजन ठरवणं हा आपला जुना रोग. सचिन तेंडुलकरची बॅट तीन पौंडांहून जड असायची, ही गोष्ट भारतातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होती, आणि बारा-तेरा वर्षांची मुलं जड बॅटा मागू लागली होती. डॉन ब्रॅडमनची बॅट सव्वादोन पौंडांच्या आसपासची होती, हे मात्र कुणी सांगत नसे. सचिनला २००४ मध्ये टेनिस एल्बोनं गाठलं, तेव्हा जड बॅटची चर्चा झालीच.

पण कोपरदुखीचा दोष सगळा वजनावर ढकलणंही बरोबर नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूला मनगट उचलणारे स्नायू हाडाला जोडलेले असतात. प्रत्येक फटक्याला त्यांना झटका बसतो. रॅकेट फार जड असली की हे स्नायू ती सांभाळण्यात दमतात. फार हलकी असली तर चेंडूचा धक्का ती स्वतः पचवत नाही, तो थेट हातात उतरतो. नवशिक्यानं ३४० ची पिसासारखी रॅकेट घेतली म्हणून कोपर वाचेलच असं नाही. मला विचाराल तर नव्या पुरुष खेळाडूनं ३५५ ते ३६५, स्त्रियांनी आणि किशोरवयीनांनी ३४० ते ३५५ पासून सुरुवात करावी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन मुठीकडे असलेली रॅकेट घ्यावी.

ते कसं ओळखायचं? रॅकेट आडवी धरून एका बोटावर तोलायची. ज्या जागी ती स्थिर राहील तिथून मुठीच्या बुडापर्यंतचं अंतर मोजपट्टीनं मोजायचं. २५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर वजन हाताजवळ, २६.५ च्या वर गेलं तर डोक्याकडे. गोल आकाराच्या रॅकेटचा तोल सहसा खाली असतो, हिऱ्याच्या आकाराच्या रॅकेटचा वर, थेंबाच्या आकाराच्या मधोमध. डोकंजड रॅकेट स्मॅश करणाऱ्याला मजा देते, बाकीच्यांचं मनगट तासाभरात दुखवते.

गावाकडून ऑनलाइन मागवणाऱ्यांची एक अडचण असते. कंपन्या नेमका आकडा देत नाहीत, ३६० ते ३७५ असा पट्टा देतात. म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटींत १५ ग्रॅमचा फरक निघू शकतो. पार्सल आलं की किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकून बघावं. आणि १५ ग्रॅम हा फरक कुठे पडलाय त्यावर तो क्षुल्लक की मोठा हे ठरतं. मुठीच्या बुडापासून १० सेंटिमीटरवर फिरण्याचा अक्ष धरला तर टोकाशी, म्हणजे ४४ सेंटिमीटरवर लावलेला १० ग्रॅमचा तुकडा आघूर्णात जेवढी भर घालतो, ती तोच तुकडा बुडापासून १५ सेंटिमीटरवर लावला तर पडणाऱ्या भरीच्या ४६ पट असते. ३४ चा वर्ग भागिले ५ चा वर्ग, इतकं साधं आहे. मुठीवर ओव्हरग्रिप चढवली तर रॅकेट पाचेक ग्रॅमनं जड होते, पण हाताला उलट थोडी सुटसुटीत वाटते, कारण तोल खाली सरकतो.

म्हणून दोन वजनांत अडकलात तर हलकी घ्या. हलक्या रॅकेटच्या कडेला शिशाची पट्टी चिकटवून वजन वाढवता येतं. जडमधून ते काढता येत नाही. पट्टी आधी दोन-तीन ग्रॅमचीच लावा, टोकाला न लावता दोन्ही बाजूंना सारखी, आणि आठवडाभर खेळून मग पुढचं ठरवा.